बॉयलरचा दाखला आणि प्रेसखालची बोटे

केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी यंत्रसामग्री आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेविषयी एक सर्वसमावेशक तांत्रिक आदेश जारी केला. पंप, कंप्रेसर, क्रेन, विणकामाची यंत्रे, यंत्रहत्यारे, पॅकिंगची यंत्रे, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर अशी यंत्रसामग्री देशात बनवायची किंवा बाहेरून आणायची असेल, तर ती सुरक्षिततेच्या मानकांना उतरते असे भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र असले पाहिजे, असे या आदेशाचे सार होते. अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत होती. ती संपण्यापूर्वीच, २०२५ साली, ही तारीख १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. आयातदारांनी, यंत्रनिर्मात्यांनी आणि यंत्रे विकत घेणाऱ्या उद्योगांनी एकाच सुरात तक्रारी केल्या होत्या. त्यांतील काही रास्त होत्या, काही नेहमीच्या.

या आदेशावर जी चर्चा झाली, ती बहुतेक आयात, चीन, परवानाराज आणि लघुउद्योगांवरील बोजा याच चार मुद्द्यांभोवती फिरली. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप सुरू झाला तो यंत्रावरचा माणूस या चर्चेत क्वचितच डोकावला. वस्तुतः आदेशाच्या निमित्ताने विचारायचा प्रश्न व्यापाराचा नव्हताच. यंत्र सुरक्षित असण्याची जबाबदारी कोणाची, बनवणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची की चालवणाऱ्याची, हा तो प्रश्न आहे. आणि भारतीय कायद्याने गेल्या दीडशे वर्षांत त्याला दोन यंत्रांच्या बाबतीत दोन अगदी वेगळी उत्तरे दिली आहेत.

त्यांतील पहिले यंत्र म्हणजे बॉयलर. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. लगोलग १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९२३ साली सर्व प्रांतांसाठी मिळून भारतीय बॉयलर कायदा आला. तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला; २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, तरी मूळ चौकट तीच ठेवली.

ही चौकट समजून घेण्याजोगी आहे. बॉयलरचा आराखडा आधी मंजूर व्हावा लागतो. त्याला वापरायचे पोलाद कोणत्या दर्जाचे, हे ठरलेले असते. सांधे जोडणारा वेल्डर परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा लागतो. बांधणी चालू असताना तपासणी होते, नंतर पाण्याच्या दाबाची चाचणी होते. बॉयलर कारखान्यात पोहोचल्यावर त्याची नोंदणी होते आणि नोंदणीचा क्रमांक त्याच्या अंगावर कायमचा कोरला जातो. एवढ्यावर भागत नाही. ठरावीक मुदतीने बॉयलर थंड करून, उघडून पुन्हा तपासावा लागतो. दाखल्याची मुदत संपली की त्यात वाफ करणे हा गुन्हा ठरतो. तो चालवणाऱ्या माणसालाही वेगळी परीक्षा द्यावी लागते. थोडक्यात, बॉयलरला जन्माचा दाखला असतो, आणि पुढे आयुष्यभर प्रकृतीचा दाखलाही घ्यावा लागतो.

दुसरे यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. पत्रा कापणे, वाकवणे, त्याला भोके पाडणे, त्याला आकार देणे ही कामे करणारे हे यंत्र चाकण-भोसरीपासून वाळूज, अंबड, शिरोलीपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीतील लहानमोठ्या शेडमध्ये आढळते. मोटारसायकलचा एखादा भाग, पंख्याचे पाते, स्टीलचे ताट, भिंतीतल्या स्विचची पेटी, यांपैकी कोणतीही वस्तू कधी ना कधी प्रेसखालून गेलेली असते. या यंत्राला जन्माचा दाखला नाही आणि प्रकृतीचा दाखलाही व्यवहारात नाही.

प्रेसच्या रचनेतच धोका कसा दडलेला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढील वाद समजणार नाही. मोटर एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, अखंड फिरवत असते. कामगाराने पेडल दाबले की क्लच त्या चाकाला दांड्याशी जोडतो, रॅम खाली येतो, पंच डायमध्ये शिरतो आणि पत्रा कापला जातो. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये हा क्लच चावीचा असतो. चावी चाकाच्या खाचेत एकदा बसली, की दांडा पूर्ण एक फेरा घेतल्याशिवाय थांबत नाही. मध्येच कोणी ओरडले, पेडलवरून पाय काढला, वीज बंद केली, तरी रॅम खाली यायचा तो येतोच. चावी झिजली, स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली, की पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. तयार झालेला जॉब काढून नवा पत्रा ठेवण्यासाठी हात नेमका त्याच क्षणी डायमध्ये गेलेला असतो.

हवेच्या दाबावर चालणारा घर्षण क्लच असलेली प्रेस मात्र फेऱ्याच्या मध्येच थांबवता येते. म्हणूनच तिच्यासमोर ‘लाइट कर्टन’, म्हणजे अदृश्य किरणांचा पडदा, बसवण्यास अर्थ असतो. हाताने किरण तोडला की यंत्र थांबते. तेसुद्धा पडदा पुरेशा अंतरावर असेल तरच. हात सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने पुढे सरकतो असे धरण्याचा अमेरिकेत प्रघात आहे. यंत्राला थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत असेल, तर पडदा डायपासून किमान ३२ सेंटिमीटर दूर हवा. ब्रेक झिजला, थांबण्याचा वेळ वाढला, की तेच अंतर अपुरे पडते. आणि चावीच्या क्लचच्या प्रेसवर तर हा पडदा निव्वळ शोभेचा आहे, कारण थांबण्याची आज्ञा मिळाली तरी ती पाळण्याची क्षमता त्या यंत्रात नाही. ‘प्रेसवर सेन्सर बसवला आहे’ या वाक्याने अनेक तपासण्या समाधानाने पार पडतात. क्लच कोणता, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

हरियाणातील गुडगाव-मानेसर पट्ट्यात जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशन या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हाताची बोटे गमावलेल्या कामगारांच्या मुलाखतींवर ते आधारलेले आहेत, आणि बोटे तोडणाऱ्या यंत्रांमध्ये पॉवर प्रेस अग्रभागी असल्याचे ते सांगतात. जखमींमध्ये बाहेरच्या राज्यांतून आलेले आणि ठेकेदारामार्फत लागलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. अनेकांना राज्य कर्मचारी विम्याचे कार्ड अपघातानंतर मिळाले, ही त्यातली नोंद पुरेशी बोलकी आहे. पुढील काळात संस्थेने महाराष्ट्रातील कारखान्यांकडेही लक्ष वळवले.

सरकारी आकडेवारीतून हे चित्र दिसत नाही. नोंदणीकृत कारखान्यांतील अपघातांचे आकडे मुंबईत शीव येथे मुख्यालय असलेले कारखाना सल्ला सेवा आणि श्रम संस्था महासंचालनालय राज्यांकडून गोळा करते. २०१७ ते २०२० या काळातील नोंदींनुसार वर्षाला सरासरी सुमारे अकराशे मृत्यू झाले आणि जखमींची संख्या चार हजारांच्या आसपास राहिली. म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी. कारखान्यातील जीवनाशी ज्याचा थोडाही परिचय आहे, त्याला हे प्रमाण अशक्य वाटेल. मृत्यू दडवणे अवघड असते, तुटलेले बोट दडवणे सोपे असते. कामगाराला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले, चार पैसे हातावर ठेवले आणि गावी पाठवून दिले, की नोंद होतच नाही.

कायदासुद्धा बोटाकडे हिशेबानेच पाहत आला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचे मोल टक्क्यांत मांडलेले आहे. अंगठा गेला तर कमावण्याच्या क्षमतेतील घट ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२. तर्जनीचे एकच पेर गेले तर ९. कागदावर हा हिशेब चोख आहे. पण पत्रा चिमटीत धरून डायमध्ये बसवण्याचे काम ज्याला येते, त्याची तर्जनी गेल्यावर त्या कामातील त्याची किंमत शून्य होते. १४ टक्क्यांनी कमी होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात ‘गंभीर शारीरिक इजा’ या शब्दांची व्याख्या करताना बोटाच्या एखाद्या पेराचे हाड मोडणे मुद्दाम वगळले होते. एकाहून अधिक पेरे मोडली तरच ती इजा गंभीर.

बॉयलर आणि प्रेस यांच्या बाबतीत कायद्याने दोन वाटा का धरल्या असाव्यात? याचे एक उत्तर कटू असले तरी टाळता येत नाही. बॉयलर फुटतो तेव्हा मालकाची भिंत कोसळते, शेजारचा कारखाना हादरतो, रस्त्यावरचा वाटसरूही मरतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी येते. प्रेस एका वेळी एकाच माणसाची दोन बोटे घेते, आणि पुसून घेतल्यावर अर्ध्या तासात ती पुन्हा चालू करता येते. ज्या यंत्राचा धोका मालमत्तेला आणि समाजाला होता, त्याला सरकारने दाखल्याच्या शिस्तीत बांधले. ज्याचा धोका फक्त ते चालवणाऱ्याला होता, ते मालकाच्या सद्बुद्धीवर सोपवले.

मागणी नव्हती असे मात्र नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती, पण शंभरांहून कमी माणसांचे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सादर केले. आठवड्याच्या सुटीची मागणी म्हणून ते आज स्मरणात आहे. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. सुटीची मागणी सहा-सात वर्षांत पदरात पडली. नुकसानभरपाईच्या कायद्यासाठी १९२३ उजाडावे लागले.

१९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या प्रत्येक धोकादायक भागाला भक्कम कुंपण घालण्याची आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर ठेवण्याची जबाबदारी टाकली ती कारखानदारावर. यंत्र बनवणाऱ्यासाठी एक छोटे कलम होते: फिरत्या दांड्यावरचे स्क्रू, चाव्या आणि दातेरी चाके झाकल्याशिवाय यंत्र विकले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. डायखाली जाणाऱ्या हाताचे काय, याचा त्यात विचार नव्हता. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, यंत्राचा आराखडा करणारा, ते बनवणारा, आयात करणारा आणि पुरवणारा या सर्वांवर सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी आली. पण सोबत एक पळवाटही आली. ‘आवश्यक ती काळजी आम्ही घेऊ’ असे ग्राहकाने लिहून दिले की निर्माता त्या मर्यादेत मोकळा. गार्डशिवायची प्रेस स्वस्त पडते आणि लिहून द्यायला कागदाखेरीज काही लागत नाही.

२०२४ च्या आदेशाचे खरे महत्त्व येथे आहे. त्याने प्रथमच निर्मात्याच्या दारात जाऊन प्रश्न विचारला. आदेशाच्या मुळाशी यंत्रसुरक्षिततेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची भारतीय आवृत्ती २०१८ मध्येच आली होती. त्यातला पायऱ्यांचा क्रम फार अर्थपूर्ण आहे. पहिल्यांदा धोका रचनेतूनच काढून टाकावा. ते शक्य नसेल तर गार्ड आणि संरक्षक साधने बसवावीत. उरलेल्या धोक्याची कल्पना वापरणाऱ्याला द्यावी. आपल्या कारखान्यांत हा क्रम बहुधा उलटा लागतो. भिंतीवर सावधगिरीची पाटी प्रथम लागते, गार्ड नंतर येतो आणि टार्गेटच्या आड येतो म्हणून काढून कोपऱ्यात ठेवला जातो, आणि रचना बदलण्याचा विचार कोणाच्याच मनात येत नाही.

तरीही आदेशाविरुद्धचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. यंत्र म्हणजे प्रेशर कुकर नव्हे. कुकरचा एक नमुना तपासला की त्याच साच्यातून निघणाऱ्या लाखभर कुकरना तो लागू पडतो. पुणे-पिंपरी परिसरात विशेष कामासाठी एकेक यंत्र बनवून देणारे असंख्य उद्योग आहेत. एकदा बनवलेले यंत्र ते पुन्हा तसेच बनवत नाहीत. त्यांच्या प्रत्येक यंत्रासाठी दिल्लीच्या परवान्याची वाट पाहणे व्यवहार्य नाही. चाचणीच्या सोयी आणि यंत्राची जाण असलेले तपासनीस पुरेसे आहेत काय, ही शंकाही खरी होती. शिवाय गुणवत्ता नियंत्रण आदेशांचा उपयोग आयात रोखण्याची भिंत म्हणून होतो, असा अनुभव गाठीशी होताच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वस्त्रोद्योग आणि प्लास्टिक उद्योगाच्या कच्च्या मालावरील अनेक आदेश स्वतःच मागे घेतले, तेव्हा त्या शंकेला एका परीने दुजोरा मिळाला. सुरक्षिततेचा नियम व्यापारनीतीच्या गाड्याला जुंपला की गाडा वळेल तिकडे तोही वळतो.

युरोपचा अनुभव या ठिकाणी उपयोगी आहे. १९८९ च्या यंत्रविषयक निर्देशाने तेथे ‘सीई’ चिन्हाची पद्धत यंत्रांना लागू झाली, आणि १९९५ पासून ती सक्तीची झाली. पण हे चिन्ह सरकार देत नाही, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत निर्माता स्वतःच धोक्यांचा अभ्यास करतो, त्याची तांत्रिक फाइल तयार ठेवतो आणि स्वतःच्या सहीने घोषणापत्र देतो. अपघात झाला की ती फाइल मागवली जाते आणि सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. मोजक्या घातक यंत्रांची मात्र वेगळी यादी होती. हाताने पत्रा घालायची वा काढायची प्रेस, जिचा हलता भाग ६ मिलिमीटरहून अधिक सरकतो आणि सेकंदाला ३० मिलिमीटरहून अधिक वेगाने येतो, तिचा या यादीत स्पष्ट उल्लेख होता. ६ मिलिमीटर हा आकडा यादृच्छिक नाही. बोट शिरायला तेवढीच फट लागते. अशा यंत्राला ठरलेली मानके पाळावी लागत, नाहीतर त्रयस्थ संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागे.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निर्देशात होती. तो यंत्र बनवणाऱ्यासाठी नव्हता, यंत्र वापरणाऱ्या मालकासाठी होता. १९९२ च्या अखेरीस कारखान्यांत जी जुनी यंत्रे वापरात होती, तीसुद्धा त्यानंतर चार वर्षांत किमान सुरक्षिततेच्या पातळीवर आणावीत, असे त्यात बजावले होते. नव्या यंत्राला चिन्ह आणि जुन्या यंत्राला मुदत, अशी ती जोडी होती. भारतीय आदेशात या जोडीतला पहिलाच भाग आहे. आदेश नव्याने बनणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी आहे. शेडमध्ये आधीपासून धडधडणाऱ्या प्रेसला त्याचा स्पर्श होत नाही. आणि प्रेस हे दीर्घायुषी यंत्र आहे. तिची बीडाची चौकट तीसचाळीस वर्षे सहज टिकते. आज सकाळी जन्मलेल्या प्रत्येक प्रेसला प्रमाणपत्र मिळाले, तरी बोटे ज्या प्रेसखाली जात आहेत त्या पुढची दोन-तीन दशके तशाच राहतील.

त्रयस्थ प्रमाणपत्र हाही रामबाण नव्हे. अमेरिकेत १९८८ साली एक विचित्र गोष्ट घडली. हात बाजूला झाला की किरणांच्या पडद्याच्या इशाऱ्यावर प्रेस आपोआप पुढचा फेरा घेईल, अशा पद्धतीला तेथील कामगार सुरक्षा प्रशासनाने परवानगी दिली. अट एकच: ही यंत्रणा त्रयस्थ संस्थेने तपासून प्रमाणित करावी. नियम तयार झाला, संस्था मात्र एकही पुढे आली नाही. उत्तरदायित्वाचा धोका मोठा आणि बाजार लहान, हे त्यांनी ओळखले. अनेक वर्षांनी प्रशासनाने आढावा घेतला तेव्हा ही पद्धत देशात कोठेच वापरात आली नसल्याचे आढळले. आपल्याकडे याच्या नेमके उलटे घडण्याची भीती आहे. प्रमाणपत्र देणारे पुष्कळ मिळतील आणि फीही परवडेल. लिफ्ट, क्रेन, साखळदंड, दाबाखालच्या टाक्या यांच्या तपासणीसाठी कारखाने कायद्याने ‘सक्षम व्यक्ती’ नेमण्याची पद्धत आणली. ही व्यक्ती सरकारमान्य असते, पण तिचे बिल ज्याचे यंत्र तपासायचे तोच भरतो. प्रामाणिक तपासनीसाला दुसऱ्या वर्षी बोलावणे येईलच याची खात्री नसते.

ब्रिटनने या प्रश्नाला अधिक साधा तोडगा काढला. १९६५ मध्ये प्रेससाठी तेथे स्वतंत्र नियम झाले आणि १९९८ च्या नियमांत ते समाविष्ट झाले. जाणकाराकडून सखोल तपासणी केवळ स्थिर गार्ड असल्यास वर्षातून एकदा, अन्यथा दर सहा महिन्यांनी. पण खरी मेख पुढे आहे. डाय बदलल्यावर किंवा बसवल्यावर, तसेच कामाची पाळी सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत, कारखान्यातील नेमलेल्या प्रशिक्षित माणसाने गार्ड आणि सुरक्षा साधने तपासून सही केली पाहिजे. सही नाही तर प्रेस चालवायची नाही. यंत्राच्या प्रकृतीचा दाखला येथे वर्षाचा नसून पाळीचा आहे. चावीची स्प्रिंग वर्षाच्या मुहूर्ताची वाट पाहत नाही, ती मंगळवारी दुपारी तुटते, हे त्या नियमाला कळलेले दिसते.

आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. राज्यांना मार्गदर्शक म्हणून केंद्राने तयार केलेल्या आदर्श कारखाने नियमावलीत पॉवर प्रेसवर स्वतंत्र परिशिष्ट आहे, आणि त्यावर या ब्रिटिश नियमांचा ठसा उघड दिसतो. सहा आणि बारा महिन्यांची तपासणी, नेमलेला प्रशिक्षित माणूस, पाळीच्या पहिल्या चार तासांतील पाहणी, सारे काही तेथे आहे. म्हणजे नियमांची उणीव कधीच नव्हती. परिशिष्ट कपाटात राहिले आणि निरीक्षक कमी होत गेले.

आता परिस्थिती आणखी बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात काही बाजू जमेच्या आहेत. निर्माता, आयातदार आणि पुरवठादार यांच्या कर्तव्यांना जागा आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू झाल्यास किमान पाच लाखांचा आणि गंभीर इजा झाल्यास दोन ते चार लाखांचा दंड आहे, आणि त्यातील किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण विजेवर चालणाऱ्या शेडला ‘कारखाना’ म्हणण्यासाठी मूळ कायद्यात दहा कामगार पुरत, तेथे आता वीस लागतात. निरीक्षकाचे नाव बदलून ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाले आहे आणि कोणाची तपासणी करायची हे संगणकाने चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवायचे आहे. महाराष्ट्राने तर २०१५ सालीच स्वयंप्रमाणीकरणाची योजना आणली होती. निरीक्षकाच्या जाचाबद्दल लघुउद्योजकांची तक्रार खोटी नव्हती. पाकिटाशिवाय फाइल पुढे न सरकण्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. मात्र जाच गेला त्याबरोबर डोळाही गेला. पाच प्रेस आणि चौदा माणसांची शेड, म्हणजे धोका सर्वांत दाट असलेली जागा, कारखान्यांच्या नियमांच्या कक्षेबाहेर पडते.

या शेडचा मालक खलनायक असतोच असे नाही. तो स्वतः कधीतरी प्रेसवर बसलेला असतो आणि कदाचित त्याच्याही एका बोटाचे पेर गेलेले असते. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्याला माल पुरवणाऱ्याचा तो पुरवठादार. नगामागे पैशांत मोजली जाणारी मजुरी त्याला मिळते आणि तीही दरवर्षी कमी करून मागितली जाते. घर्षण क्लचची नवी प्रेस घेण्याइतके भांडवल त्याच्याकडे नसते. पण सगळेच उपाय भांडवल मागतात असे नाही. डायभोवती बोट शिरणार नाही अशी जाळी, पत्रा घालण्या-काढण्यासाठी चिमटा किंवा सरकता ट्रे, चावी आणि स्प्रिंग ठरलेल्या मुदतीने बदलणे, या गोष्टी वर्कशॉपमध्येच होऊ शकतात. यासाठी जाणकार माणूस शेडपर्यंत पोहोचावा लागतो, आणि जाळीमुळे तासाला काही नग कमी निघाले तर तो फरक दरात मान्य करणारा खरेदीदार असावा लागतो. वरची कंपनी मालाचा दर्जा पाहण्यासाठी याच पुरवठादाराकडे माणसे पाठवते. मायक्रोमीटर घेऊन आलेल्या त्या माणसाला प्रेससमोर दोन मिनिटे उभे राहणे अवघड नाही.

आदेश १ सप्टेंबर २०२६ च्या मुदतीनुसार लागू होवो, सौम्य होवो की गुंडाळला जावो, जुन्या प्रेसचा प्रश्न त्याच्या बाहेरच उरतो. त्यासाठी बॉयलरच्या पद्धतीतील निदान एक गोष्ट उचलावी लागेल. बॉयलर विकला, परराज्यात नेला, तरी त्याच्यावरचा क्रमांक त्याच्यासोबत जातो आणि स्थलांतर कळवल्याशिवाय तो चालू करता येत नाही. प्रेसचा प्रवास निनावी असतो. मोठा कारखाना आधुनिक होतो, जुनी प्रेस व्यापाऱ्याला विकतो. व्यापारी तिला रंग मारतो, लहान शेडला विकतो. ती शेड बंद पडली की त्याहून लहान शेड ती वजनाच्या भावाने उचलते. प्रत्येक टप्प्यावर चावी थोडी अधिक झिजलेली असते आणि गार्ड, असलाच तर, मागच्या मालकाकडे राहून गेलेला असतो. अशा किती प्रेस राज्यात चालू आहेत आणि त्यांतील किती चावीच्या क्लचच्या आहेत, याची मोजदाद करायचे ठरले, तर त्या पथकाला पहिले काम करावे लागेल ते रंगाखाली झाकलेली निर्मात्याची पाटी खरवडून काढण्याचे, आणि जिथे पाटीच नसेल तिथे नवा क्रमांक ठोकण्याचे.